मानेमागचा पिवळा पट्टा : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरताईंची उत्तरं

मागच्या अंकात चरणाऱ्या गुरांबद्दल लिहिताना मी दोनच ओळी टाकल्या होत्या, की गाईम्हशींच्या मानेत वरच्या बाजूला एक जाड पिवळा लवचिक पट्टा असतो, त्याला नूकल लिगामेंट म्हणतात आणि डोक्याचं ओझं बरंचसं तोच पेलतो. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचा आख्खा कॉलम त्यालाच देतेय. मी जनावरांची डॉक्टर आहे, त्यामुळे माणसांच्या औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरलाच विचारा, आत काय असतं आणि ते कसं चालतं तेवढं मी सांगते.

प्रश्न : डॉक्टरताई, भातकापणी झाली की आमच्या घरामागच्या शेतात म्हशी दिवसभर खाली मान घालून चरतात, त्यांना काही होत नाही. मी अर्धा तास मोबाईल बघितला की मान आखडते. त्यांच्या मानेत तो पट्टा आहे म्हणता, मग आमच्या मानेत नाही का? — कॉलेजची विद्यार्थिनी, म्हापसा

आहे की, तुझ्याही मानेत आहे, आणि मणकेही तेवढेच, म्हशीला सात तुलाही सात. पण पट्टा पट्ट्यात खूप फरक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

म्हशीचं डोकं शिंगांसकट चांगलंच जड, आणि ते पायांच्या वर नाही तर धडाच्या पुढे लटकलेलं असतं. एवढं ओझं दिवसरात्र नुसत्या मसलच्या जोरावर धरायचं तर मसल थकणार आणि खाल्लेलं बरंचसं त्यातच खर्च होणार. म्हणून कवटीच्या मागच्या भागापासून एक जाड दोरी निघते ती मानेच्या वरच्या कडेने थेट खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंत जाते. तिथे पाठीच्या पहिल्या काही मणक्यांचे काटे लांबच लांब वर आलेले असतात, त्यांना ती बांधलेली असते. काटे उगाच लांब नसतात, काटा लांब तर तरफ लांब, मग कमी ओढीत जास्त वजन पेलतं. या दोरीला फ्युनिक्युलर भाग म्हणतात. तिच्या खाली पातळ पडद्यासारखा लॅमेलर भाग असतो, तो मानेच्या मणक्यांना पकडून मागे पाठीच्या काट्यांकडे नेतो, म्हणजे डोकं एकटंच नाही तर सगळी मान वरून तोललेली राहते.

आता हा पट्टा काम कसा करतो, तर सायकलच्या ट्यूबच्या रबरासारखा. म्हैस गवतासाठी डोकं खाली नेते तेव्हा डोक्याच्याच वजनाने पट्टा ताणला जातो, आणि वर उचलताना ती साठलेली ओढ परत मिळते. मसलना फक्त वरचा थोडा जोर लावायचा आणि दिशा द्यायची. रबर थकत नाही, त्याला चारा लागत नाही की ऑक्सिजन लागत नाही. घोड्यांवर याचं मोजमाप झालेलं आहे, नुसतं चालताना डोकं आणि मान वरखाली करायला जे काम लागतं त्यातलं निम्म्याहून जास्त हा पट्टा करतो, दुडकी चाल आणि दौड यात साधारण तिसरा हिस्सा.

कधी ताज्या मेलेल्या जनावराचं पोस्टमॉर्टेम करताना मी हा पट्टा कवटीच्या बाजूने कापते तेव्हा तो जागच्या जागी राहत नाही, लगेच मागे आखडतो. पिवळाजर्द, ओला, बोटांत धरून ओढला तर येतो आणि सोडला की परत जातो, जनावर मेलेलं असलं तरी. ज्युनिअर मुलांना मी तो मुद्दाम हातात घेऊन ओढायला लावते, कारण एकदा हाताला कळलं की पुस्तकातली चार पानं आपोआप डोक्यात बसतात.

तुझं डोकं साडेचार ते पाच किलो, पण ते पुढे लटकलेलं नाही, कण्यावर बऱ्यापैकी तोलून ठेवलेलं आहे. ज्या भोकातून मज्जारज्जू कवटीबाहेर येतो ते भोक जनावरांत कवटीच्या मागे असतं, आपल्यात खाली. सरळ उभं राहिलीस की ओझं पेलायला फार ओढ लागतच नाही, म्हणून आपला पट्टा त्या मानाने बारीक राहिला आणि त्यात लवचिक तंतू कमी, कोलॅजनचे घट्ट तंतू जास्त. हात लावून बघ. कवटीच्या मागे मधोमध हाडाचा उंचवटा लागतो तिथे बोट ठेव, मान पुढे वाकव आणि बोट मधूनच खाली आण, त्वचेखाली ताणलेली कड लागेल, ती मानेच्या बुडाशी जो मोठा मणका वर येतो त्या सातव्या मणक्यापर्यंत. त्याच्या खाली हाच पाठीवरच्या लिगामेंटमध्ये मिसळून जातो. मर्सर आणि बॉगडक या दोन संशोधकांनी २००३ मध्ये माणसाच्या माना बारकाईने उघडून लिहिलं की आपल्याकडे जनावरांसारखी एक सलग दोरी नाहीच, मागे ट्रॅपीझियस (मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला मोठा मसल) वगैरे मसलचे तंतू एकमेकांत विणून झालेली एक शिवण आहे आणि तिच्यापासून आत मणक्यांच्या काट्यांपर्यंत जाणारा मधला पडदा. म्हणजे आपल्या मानेत याचं मुख्य काम डावेउजवे मसल वेगळे ठेवणं, त्यांना धरायला जागा देणं आणि मान फार पुढे जाऊ नये म्हणून अडवणं. दिवसभर डोकं तोलून धरायचं काम त्याचं नाही.

आणि मोबाईल बघताना आपण नेमकं तेच त्याच्यावर टाकतो. केनेथ हंसराज नावाच्या मणक्याच्या सर्जनने २०१४ मध्ये हिशोब मांडला होता, की मान १५ डिग्री वाकली तर मानेच्या कण्यावर साधारण १२ किलो भार येतो आणि ६० डिग्रीला २७ किलोच्या आसपास. तो गणिती मॉडेलचा आकडा आहे, प्रत्येकाच्या मानेत तराजू लावून घेतलेला नाही, पण दिशा बरोबर आहे. त्यात अजून एक भानगड अशी की मान पूर्ण खाली टाकून बसलं की मागचे मसल काम सोडून देतात आणि सगळा ताण लिगामेंट, डिस्क आणि सांध्यांच्या आवरणांवर जातो. कोलॅजन हळूहळू सैल पडत जातं आणि परत मूळ जागी यायला त्याला वेळ लागतो, तू उठतेस तेव्हा मान जी आखडलेली वाटते त्यात याचा मोठा वाटा. म्हणून मोबाईल डोळ्यांच्या उंचीला आण, कोपर उशीवर टेकव, दर पंधरावीस मिनिटांनी वर बघ, हनुवटी आत ओढून मान मागे ने. मसलना कामावर ठेवायचं हाच उपाय आहे, कारण म्हशीचा पट्टा आपल्याला मिळणार नाही.

प्रश्न : मानेकडचं बीफ आणलं की त्यात एक पिवळी वादी निघते. कुकरच्या कितीही शिट्या काढल्या तरी ती मऊ होत नाही, बाकीच्या शिरा मात्र विरघळतात. असं का? — गृहिणी, मडगाव

तुमचं निरीक्षण अगदी पक्कं आहे, तो हाच पट्टा. ज्या पांढऱ्या शिरा विरघळतात त्या कोलॅजनच्या, ओल्या उष्णतेत बराच वेळ ठेवलं की कोलॅजनचं जिलेटिन होतं आणि रस्सा दाट होतो. पिवळी वादी मात्र बहुतेक इलास्टिन या लवचिक प्रोटीनची, गुराच्या या पट्ट्याच्या कोरड्या वजनात साधारण तीन चतुर्थांश इलास्टिनच असतं, आणि इलास्टिन उकळून विरघळत नाही. त्याचे धागे एकमेकांना फार पक्के जोडलेले असतात, लायसिन नावाचे प्रोटीनचे चार घटक एकत्र येऊन एकेक जोड तयार होतो. हे जोड, म्हणजे डेस्मोसिन आणि आयसोडेस्मोसिन, १९६३ मध्ये पार्ट्रिज, एल्सडेन आणि थॉमस यांनी ओळखले ते बैलाच्या मानेतल्या याच पट्ट्यातून, कारण एवढं शुद्ध इलास्टिन शरीरात दुसरीकडे एका जागी सहज मिळत नाही. आपल्या हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत आणि फुप्फुसात हेच इलास्टिन आहे, तेव्हा त्या बैलाच्या मानेने माणसांच्या डॉक्टरांनाही बरंच शिकवलं. मला स्वतःला यातली सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे वासरू पोटात असताना हे इलास्टिन गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात झपाट्याने भरायला लागतं, म्हणजे बाहेर येऊन डोकं उचलायची वेळ येईपर्यंत तयारी व्हायला लागलेली असते. आणि मोठेपणी ते नवं फारसं बनत नाही, एकदा बनलेलं वर्षानुवर्षं टिकतं. तुम्ही ती वादी शिजवायच्या आधीच काढून टाका, गॅस वाया जाईल.

प्रश्न : आई बाजारात मासे विकते, लहानपणापासून पाटी डोक्यावर. मान दुखते म्हणून एक्सरे काढला तर रिपोर्टमध्ये "कॅल्सिफिकेशन इन लिगामेंटम न्यूकी" आलंय. शेजारी म्हणतात मान दगड होतेय, आता हालचाल बंद होणार. आई दोन दिवस नीट जेवली नाही. खरं काय ते सांगा ताई. — मुलगी, वास्को

पहिलं आईला जेवायला घाला आणि सांगा की मान दगड वगैरे होत नाहीये. लिगामेंटम न्यूकी म्हणजे हाच पट्टा. वय वाढत जातं तसं यात कुठे कुठे चुन्याचे कण साठतात, एक्सरेत ते मानेच्या मणक्यांच्या मागे मांसात सुटी पांढरी ठिपकी किंवा बारीक तुकडा असं दिसतं. चाळिशी पन्नाशीच्या पुढे हे बऱ्याच जणांत सापडतं, बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्सरेत, आणि एकट्या त्या ठिपक्याने सहसा काही बिघडत नाही, त्यासाठी ऑपरेशन वगैरे लागत नाही. मात्र ज्यांच्या मानेच्या मणक्यांत झीज झालेली असते त्यांच्यात ते जास्त आढळतं, म्हणून डॉक्टरला ठिपक्याबद्दल विचारण्यापेक्षा मणके आणि डिस्क कशा आहेत ते विचारा, दुखण्याचं कारण तिकडे असण्याची शक्यता जास्त.

पाटीचं असं आहे की चुंबळ घालून पाटी डोक्याच्या मधोमध ठेवली की ओझं सरळ कण्यावरून खाली जातं, त्यात या पट्ट्याचा फारसा संबंध येत नाही, त्रास होतो तो मणक्यांना आणि डिस्कना, आणि वर्षानुवर्षं जड ओझं वाहिलं तर तिथे झीज होते हे खरं आहे. पाटी उतरवताना चढवताना मान तिरकी होते तो क्षण सगळ्यात वाईट, तिथे दोघांनी हात लावायचा. शक्य असेल तर बसस्टॉपपासून बाजारापर्यंत चाकाची ट्रॉली घ्या, किंवा माल दोन खेपांत न्या. आईने आयुष्यभर हे काम केलंय, तिला एकदम "आता बंद कर" म्हणून घरी बसवलं तर तिचं मन दुखेल, म्हणून ओझं कमी करा, काम काढून घेऊ नका.

एक लक्षात ठेवा, हाताला मुंग्या येणं, हातातून वस्तू सुटणं, चालताना तोल जाणं, लघवीवर ताबा न राहणं यातलं काहीही असेल तर वाट न बघता हाडांच्या डॉक्टरकडे किंवा सरळ बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात न्या. असं काही नसेल तर फिजिओथेरपिस्टकडून मानेचे व्यायाम शिकून घ्या.

प्रश्न : आमच्या बैलाचं वशिंड म्हणजेच तो पट्टा का? आणि यंदा नांगरणीनंतर त्याच्या मानेवर जू बसतं तिथे सूज आलीय, पट्टा तुटला असेल का? — शेतकरी, सत्तरी

नाही दादा, वशिंड वेगळं. वशिंड म्हणजे मसल आणि चरबी, आपल्या देशी गुरांना ते असतं आणि विलायती जर्सी होल्स्टीनला नसतं, पण पट्टा मात्र दोघांनाही असतो. वशिंडाच्या खाली खोल तो मणक्यांच्या काट्यांना चिकटलेला असतो.

तुमच्या बैलाला जे झालंय ती खांदेसूज वाटते, आणि पट्टा तुटलेला असायची शक्यता फार कमी, एवढा जाड पट्टा जुवाने तुटत नाही. जू घासून घासून कातडी आणि तिच्या खालचा भाग सुजतो, विशेषतः पावसात ओल्या मानेवर, जू खडबडीत असेल किंवा जोडीतला एक बैल उंच एक ठेंगणा असेल तर. सूज पूर्ण उतरेपर्यंत त्याला जुवाला अजिबात लावू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं, औषध लावून परत जुंपलेला बैल बरा होत नाही. ताजी सूज असेल तर थंड पाण्याची पट्टी, जखम असेल तर स्वच्छ धुवून माशी बसणार नाही असं मलम. गरम सळईचा डाग देऊ नका आणि गाठ घरी फोडू नका, पू आत खोलवर पट्ट्यापर्यंत गेला तर महिनोन्महिने वाहत राहतो आणि जनावर फार सोसतं. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. आणि पुढच्या हंगामाआधी जू तासून गुळगुळीत करून घ्या, जिथे मान टेकते तिथे जाड मऊ कापड गुंडाळा. सत्तरीत अजून बैल राखून शेती करणारी माणसं आहेत हे वाचून खूप बरं वाटलं.

प्रश्न : मी सकाळी मिरामारला धावतो. वाचलं की मानेतलं हे लिगामेंट माणूस धावायला लागला म्हणून आलं. पटत नाही. — पणजी

पूर्ण सिद्ध झालंय असं नाही, पण विचार करण्यासारखं नक्की आहे. डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनियल लीबरमन या शास्त्रज्ञांचा २००४ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात लेख आला, लांब पल्ल्याचं धावणं आणि माणसाची उत्क्रांती यावर, त्यात हा मुद्दा आहे. कुत्रा घोडा ससा अशी पळणारी जनावरं बघा, पळताना डोकं स्थिर. डुकराला पळवून बघा, डोकं सगळीकडे हलतं, आणि त्याला हा पट्टा जवळजवळ नाहीच. चिंपांझीलाही नाही. माणसाला मात्र आहे आणि आपल्या वंशातल्या जुन्या कवट्यांवर मागे त्याच्या जोडणीची रेघ दिसते. धावताना पाय जमिनीवर आपटतो तेव्हा डोकं पुढे झुकू बघतं, त्या क्षणी पट्टा आणि त्याला जोडलेले ट्रॅपीझियसचे तंतू ते आवरतात, आणि तोच मसल खांद्याला धरलेला असल्यामुळे मागे जाणाऱ्या हाताचं वजनसुद्धा डोक्याला मागे ओढायला कामी येतं. तुम्ही उद्या धावताना हात छातीशी बांधून थोडं अंतर जा आणि मग मोकळे सोडून जा, मानेला फरक जाणवतो का बघा. ज्यांना हे पटत नाही ते म्हणतात की आपला पट्टा इतका बारीक आणि कमी लवचिक आहे की तो घोड्यासारखं काम करूच शकत नाही, आणि त्यांच्या म्हणण्यातही दम आहे, वर मर्सर बॉगडकचं सांगितलं ते आठवा. मला स्वतःला वाटतं की धावण्याने पट्टा आला की आधीच्या कशाचा धावायला उपयोग झाला हे ठरायला अजून वेळ लागेल, पण डोकं स्थिर राहणं धावणाऱ्याला लागतंच यात वाद नाही.

प्रश्न : जिराफाची मान एवढी लांब, दुखत नाही का? — इयत्ता पाचवी, केपे

छान प्रश्न. जिराफाच्या मानेतही आपल्याएवढेच सात मणके, फक्त एकेक मणका खूप लांब. आणि वरून मोठा जाड लवचिक पट्टा, त्यामुळे मान वर ठेवायला त्याला कष्ट कमी पडतात. पाणी पिताना मात्र त्याला पुढचे पाय फाकवावे लागतात, कारण पाय इतके लांब की एवढ्या लांब मानेनेही तोंड जमिनीपर्यंत पोचत नाही.

प्रश्न : आमचा कुत्रा फिरायला नेताना पट्टा जोरात ओढतो, त्याच्या मानेतल्या लिगामेंटला इजा होईल का? मांजराला मानगुटीला धरून उचलतो ते चालतं का? — फोंडा

कुत्र्याच्या मानेतला हा पट्टा गुरांपेक्षा आखूड, तो कवटीपर्यंत जातच नाही, मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून निघून पाठीच्या पहिल्या मणक्यापर्यंत. नाक जमिनीला लावून वास घेत मैलभर पळायला त्याला तेवढा पुरतो. गळपट्टा ओढल्याने त्याला नाही तर पुढून श्वासनलिकेला त्रास होतो, म्हणून ओढणाऱ्या कुत्र्याला छातीचा हार्नेस घाला, खोकला येत असेल तर आजच. मांजराला हे लिगामेंट नसतंच. मानगुटीला धरता ती नुसती सैल कातडी, पिल्लाला त्याची आई तसं उचलते कारण पिल्लू हलकं असतं, मोठ्या मांजराला तसं लटकवलं तर त्याला दुखतं आणि ते घाबरतं. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, असं उचला.